टर्बाइनच्या बेअरिंगमध्ये छर्रे का नसतात?

मोकळा_वेळ
भाचा डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने त्यांना औष्णिक वीज केंद्र दाखवायला नेलं होतं. ओव्हरहॉलसाठी टर्बाइन उघडलेलं होतं, तेव्हा त्याने बेअरिंगच्या खालच्या भागाचा फोटो पाठवला. मी कॉमर्सवाला, पण फोटो बघून मीही चक्रावलो. आत छर्रे नाहीत, रोलर नाहीत, काहीच नाही. मोठा नळा उभा चिरावा तसा अर्धा तुकडा आणि आतून राखाडी, गुळगुळीत धातू.

शाळेत आपण शिकलो की घसरण्याचं घर्षण जास्त आणि गडगडण्याचं कमी. घरच्या पंख्यात छर्रे, सायकलीत छर्रे, आणि शेकडो कोटींच्या टर्बाइनमध्ये साधा बुश? सरांनी त्याला "लोड जास्त असतं म्हणून" एवढंच सांगितलं. लोड जास्त असेल तर उलट चांगलं बेअरिंग नको का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आगाऊ_गण्या
छर्रे होते. टेंडर पास होता होता गडगडत गेले.

वंगणवाला
गण्या, बस खाली.

मोकळा_वेळ, माझी सगळी नोकरी औष्णिक केंद्राच्या मेंटेनन्सला झाली, म्हणून लिहितो. भाच्याने पाहिला तो राखाडी धातू म्हणजे व्हाइट मेटल ऊर्फ बॅबिट. कथलात थोडं अँटिमनी आणि तांबं. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये काढलेली ही कल्पना अजून चालू आहे. इतका मऊ की नखाने नाही, पण चाकूने सहज ओरखडा निघतो. २४० अंशांच्या आसपास वितळायलाच लागतो.

आता मुख्य मुद्दा. सेट (टर्बाइन आणि जनरेटर) चालू असताना शाफ्ट त्या धातूला टेकतच नाही. शाफ्ट ३००० आरपीएमने फिरताना तेलाला स्वतःबरोबर ओढून खालच्या चिंचोळ्या फटीत कोंबतो. तिथे तेलाचा दाब इतका वाढतो की अख्खा रोटर उचलला जातो. पावसाळ्यात हायवेवर साठलेल्या पाण्यावरून गाडी वेगात गेली की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो ना, तीच गोष्ट. फरक एवढाच की गाडीत तो अपघात, इथे ती सोय. तेलाचा थर केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण धातूला धातू लागत नाही. म्हणजे शाळेतलं "घसरण्याचं घर्षण" इथे लागूच होत नाही. ते कोरड्या पृष्ठभागांचं. इथे तेलाचे थर एकमेकांवरून सरकतात.

सायकलवाली
छान समजावलंत काका. म्हणजे टर्बाइनमध्ये घर्षण छर्ऱ्यांपेक्षाही कमी?

काटकोन
इथेच गडबड होते. सगळे असंच समजतात, म्हणून आकडा मांडतो.

एका बेअरिंगवर २० टन धरू, म्हणजे साधारण २ लाख न्यूटन. शाफ्टचा व्यास ४५० मिमी, वेग ३००० आरपीएम. पृष्ठभागाचा वेग येतो सेकंदाला सुमारे ७० मीटर, ताशी अडीचशे किलोमीटर. तेलाच्या थराचा घर्षण गुणांक ०.००३ धरला तर घर्षणाचं बल ६०० न्यूटन. गुणिले ७०, म्हणजे ४२ किलोवॅट. एका बेअरिंगमध्ये! ही सगळी उष्णता तेलात जाते. म्हणूनच तिथे तेलाचे एवढाले कूलर असतात.

कॅटलॉगात साध्या बॉल बेअरिंगचा गुणांक ०.००१५ च्या आसपास दिलेला असतो, सिलिंड्रिकल रोलरचा त्याहून थोडा कमी. म्हणजे नुसतं घर्षण बघायचं तर छर्रेच जिंकतात. टर्बाइनमध्ये बुश आहे तो घर्षण कमी म्हणून नव्हे. कारण दुसरंच आहे.

मोकळा_वेळ
मग कारण काय? तुम्ही तर सस्पेन्स वाढवून निघून गेलात.

काटकोन
जेवायला गेलो होतो.

कारण आहे आयुष्य. छर्रा आणि रेस (रिंगमधली ज्यावर तो गडगडतो ती वाट) एकमेकांना टेकतात ते एका ठिपक्यावर. रोलर टेकतो एका रेघेवर. प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी प्रचंड ताण येतो आणि जातो. कितीही चांगलं पोलाद असलं तरी कधीतरी पृष्ठभागाखाली चीर पडते आणि खपली उडते. थकवा म्हणतात तो हाच. म्हणून बॉल आणि रोलर बेअरिंगचं आयुष्य मोजून दिलेलं असतं, लाखो फेऱ्यांच्या भाषेत. तेही कसं, तर शंभरातली दहा तोवर गेलेली असतील असं गृहीत धरून. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर आयुष्य एक अष्टमांश.

टर्बाइन वर्षाला ८००० तास चाललं तर १४४ कोटी फेरे. ३० वर्षांचे झाले ४३२० कोटी. २ लाख न्यूटनला एवढे फेरे झेपणारं रोलर बेअरिंग सूत्राने काढलं तर त्याची क्षमता भाराच्या जवळजवळ २५ पट लागते. तेवढं थोराड बेअरिंग मिळतं, नाही असं नाही. पण त्याच्या कमाल वेगाचा रकाना बघा, हजाराच्या आतच. आपल्याला हवेत ३०००. मोठं घ्यावं तर वेग झेपत नाही, लहान घ्यावं तर भार. तेलाच्या थराला हा थकव्याचा हिशेब लागत नाही. तेल स्वच्छ आणि थंड राहिलं तर त्याच बेअरिंगवर सेट वर्षानुवर्षं निघतो.

जेटलॅग
नम्र असहमती. तुमचा हिशेब बरोबर, पण "वेग जास्त म्हणून छर्रे नाहीत" हे सरसकट नको. विमानाच्या जेट इंजिनात बॉल आणि रोलरच असतात आणि तिथला वेग टर्बाइनच्या कितीतरी पट. बोअर (बेअरिंगचा आतला व्यास) मिमी गुणिले आरपीएम हा जो आकडा आपण काढतो तो वीज केंद्रात येतो साडेतेरा लाख. जेट इंजिनात २० लाखांच्या वर जातो.

वंगणवाला
जेटलॅगसाहेब, तुमच्या इंजिनाचा रोटर किती टनांचा? आमचा एलपी (लो प्रेशर) रोटर क्रेनने उचलायचा तर सगळा टर्बाइन हॉल श्वास रोखून उभा असतो.

जेटलॅग
मान्य, वजन फारच कमी. शिवाय विमानात दुसऱ्या गरजा असतात. उणे तापमानात स्टार्ट व्हायला हवं, तेव्हा तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं. उलटसुलट हालचालीत क्षणभर तेल तुटलं तरी बेअरिंग तगलं पाहिजे. बुश असेल तर तेल तुटलं की खेळ खलास, छर्रे थोडा वेळ तरी सांभाळून घेतात. पोलादही साधं नसतं, एम-५० जातीचं, निर्वात भट्टीत वितळवलेलं. आणि इंजिन ठरल्या तासांनी उघडायचंच असतं, तेव्हा बेअरिंग तपासलं जातं. ३० वर्षं न उघडता चालवा असं कोणी म्हणत नाही.

दंतवैद्या
मी वाचून गप्प बसणार होते, पण माझ्या क्लिनिकमधल्या ड्रिलचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून वाईट वाटलं. एअर टर्बाइन हँडपीस मिनिटाला चार लाखांपर्यंत फेरे घेतो आणि आत इवलीशी बॉल बेअरिंग असतात, हल्ली सिरॅमिकच्या छर्ऱ्यांची. बोअर आठवा इंच, म्हणजे ३.१७५ मिमी. करा गुणाकार.

काटकोन
१२ लाख ७० हजार! ताई, तुमच्या हँडपीसच्या आणि त्या टर्बाइनच्या शाफ्टचा पृष्ठभाग जवळपास सारख्याच वेगाने पळतोय की. फक्त भार इकडे अगदी किरकोळ, तिकडे २० टन. भाच्याला हे उदाहरण नक्की सांगा, तोंडी परीक्षेत सर खूश होतील.

आगाऊ_गण्या
तोंडी परीक्षेत दातांचं उदाहरण. _/\_

दंतवैद्या
ती बेअरिंग मात्र किती लवकर जातात ते विचारू नका. निर्जंतुक करताना ऑटोक्लेव्हची वाफ आणि त्याआधी तेल घालायला विसरणारा असिस्टंट, दोघे मिळून त्यांना मारतात.

उसाचा_रस
इथे सगळे वेगाच्या मागे लागलेत. मी साखर कारखान्यातला, आमचं दुखणं उलटं. मिलचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतात आणि हायड्रॉलिकने वरून शेकडो टनांचा दाब. एवढ्या संथ वेगात वंगणवाला म्हणतात तसा तेलाचा थर उचलला जात नाही. धातूला धातू थोडा तरी लागतोच. आमच्याकडे गनमेटलची बेअरिंग, आतून थंड पाणी फिरवलेलं, आणि डांबरासारखं जाड तेल. गाळप हंगामात मिल हाउसला राऊंड मारताना बेअरिंग टोपीवर हात ठेवून बघणं हा फिटरचा धर्म. वर ऊसाचा रस आणि बगॅस (चोथा) कुठून आत शिरेल याचा नेम नाही.

हल्ली बऱ्याच कारखान्यांनी मिलला स्फेरिकल रोलर बेअरिंग बसवली. इथे मात्र निकाल टर्बाइनच्या उलटा लागतो. घर्षण खरंच खूप कमी होतं आणि मोटरचे अँपियर उतरतात. फेरे थोडे असल्याने थकव्याची भीतीही कमी. पण सील फुटून रस आत गेला तर गनमेटलसारखं खरवडून पुन्हा बसवता येत नाही. पुढे जे होतं ते चेअरमनसाहेबांना सांगायला कोणीच तयार नसतं.

रुळावरचा
एक छोटी ऐतिहासिक भर. तेलात एवढा दाब येतो हे पहिल्यांदा कळलं ते रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशाँप टॉवर नावाचे इंजिनियर रेल्वे ॲक्सलच्या बेअरिंगचं घर्षण मोजत होते. त्यांनी वरच्या बाजूला तेल सोडायला भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर यायला लागलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडी गुटका ठोकला, तोही उडाला. शेवटी प्रेशर गेज लावला तर दाब सरासरी भाराच्या दुपटीहून वर. पुढे १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं, तेच आजही वापरतात.

रेल्वेने मात्र पुढे हे बुश सोडून दिले. गाडी सारखी थांबते, निघते. निघताना तेलाचा थर नसतो, म्हणून ओढायला जड. आणि तेल कमी झालं की हॉट ॲक्सल. आता मालगाडीच्या वाघिणींना टेपर रोलरची बंद कार्ट्रिज असतात, एलएचबी डब्यांनाही तीच. जुन्या आयसीएफ डब्यांना स्फेरिकल रोलर. तरी मोठ्या स्टेशनात गाडी शिरताना प्लॅटफॉर्मच्या टोकाला सी अँड डब्ल्यूचा (डबे-वाघिणी तपासणाऱ्या खात्याचा) माणूस बसून प्रत्येक चाकाचा आवाज ऐकतो. पुढच्या वेळी खिडकीतून बघा.

माइनकाठचा
मी श्वाइनफुर्टजवळ राहतो. बेअरिंगवाल्यांची पंढरीच म्हणा. १८८३ मध्येच, टॉवरसाहेब तिकडे बुचं मारत होते तेव्हा, इथे फ्रीडरिश फिशर यांनी सगळे छर्रे एकसारखे गोल घासणारं मशीन केलं. त्याआधी छर्रे करता येत, पण एक छर्रा जरा मोठा निघाला की सगळा भार त्याच्यावर. बॉल बेअरिंगचा धंदा उभा राहिला तो ह्या मशीनमुळे.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी हिशेब केला की विमान, रणगाडे सगळ्यांना बेअरिंग लागतात आणि त्यातली बरीचशी होतात या एका गावात. ऑगस्ट १९४३ मध्ये एकदा आणि १४ ऑक्टोबरला पुन्हा बाँबहल्ला झाला. दुसऱ्या वेळी अमेरिकेची ६० बाँबर विमानं पडली. कारखाने फुटले, पण जर्मनांनी उत्पादन इतरत्र विखरून काम चालूच ठेवलं.

सायकलवाली
बाप रे. मी सायकलच्या हबमधले छर्रे डिंकासारख्या ग्रीसमध्ये चिकटवत होते, त्यामागे एवढं महाभारत असेल असं वाटलं नव्हतं.

मधलीआळी
थोडं अवांतर, पण इतके जाणकार जमलेत म्हणून विचारते. आमच्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनमधून स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज येतो. कंपनीचा माणूस म्हणतो बेअरिंग गेलं, अख्खा ड्रम बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगतो त्यात अजून थोडे घातले तर नवीन मशीन येईल. खरं आहे का?

वंगणवाला
ताई, अर्धं खरं. बेअरिंग बहुधा सीलमुळे जातं. सील झिजलं की साबणाचं पाणी आत, ग्रीस धुतलं जातं, छर्रे गंजतात. काही कंपन्या बाहेरचा टब वेल्डिंग करून बंदच करतात, म्हणून ते "ड्रम बदला" म्हणतात. टब स्क्रूचा असेल तर बाहेरचा चांगला मेकॅनिक दोन बेअरिंग आणि सील बदलून देईल. सील बदलल्याशिवाय नुसतं बेअरिंग घालू देऊ नका, वर्षात पुन्हा तेच.

जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, तोच आणायचा. शेवटचे दोन आकडे गुणिले ५ म्हणजे आतला व्यास. ६२०५ म्हणजे २५ मिमी. खालच्या चारांना मात्र हा नियम नाही: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. पंख्यात बहुतेक ६२०१ आणि ६२०२ असतात. नंबराच्या मागे झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, २आरएस म्हणजे रबरी सील. वॉशिंग मशीनला २आरएस.

आणि घ्यायचं ते ओळखीच्या डीलरकडून. डब्यावर नामांकित नाव आणि आत भलतंच, हा धंदा मोठा आहे.

नागदेवीचा_पोर
काकांशी सहमत. एका मोठ्या कंपनीने तर फोटो पाठवून खरं-खोटं तपासायचं ॲपच काढलंय. भाव निम्मा दिसला की समजून जायचं. अजून एक सांगतो. बेअरिंग बसवताना बाहेरच्या रिंगवर हातोडा मारणारा मेकॅनिक दिसला तर मशीन उचला आणि घरी या. शाफ्टवर घट्ट बसवायचं तर ठोका आतल्या रिंगवर, योग्य मापाच्या पाइपने. नाहीतर सगळा धक्का छर्ऱ्यांतून जातो आणि रेसवर खळगे पडतात. मोठी बेअरिंग इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत गरम करतात. १०० मिमीच्या बोअरला तेवढ्याने दशांश मिलिमीटर जागा मिळते आणि ते लोण्यासारखं सरकतं. गॅसच्या ज्योतीवर भाजणारेही पाहिलेत.

पंपहाउस
ग्रीसचंही सांगा कोणीतरी. आमच्याकडे नवीन पोरं ग्रीस गन घेऊन बाहेर येईपर्यंत दाबतात. मग बेअरिंग तापलं की अजून दाबतात! आतल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पुरतं. जास्तीचं ग्रीस घुसळून घुसळूनच तापतं. आणि लिथियमच्या ग्रीसमध्ये पॉलियुरियाचं ग्रीस मिसळलं तर दोन्ही पातळ होऊन वाहून जायची शक्यता, हे तर कोणी ऐकतच नाही.

उसाचा_रस
पंपहाउस, स्टँडबाय पंपाचा शाफ्ट आठवड्याला हाताने फिरवता का?

पंपहाउस
फिरवतो आणि रजिस्टरला सहीही घेतो. शेजारचा पंप चालू असतो, त्याच्या कंपनाने उभ्या पंपाचे छर्रे एकाच जागी थरथरत राहतात आणि रेसवर छर्ऱ्यांच्या अंतराने खुणा पडतात. न चालताच बेअरिंग खराब. साहेबांना पटवायला ते कापून दाखवावं लागलं होतं.

व्हीएफडीवरच्या (वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवरच्या) मोटरींचं वेगळंच. शाफ्टमध्ये व्होल्टेज येतं, करंट छर्ऱ्यांतून ठिणग्या पाडत जातो, आणि रेसवर कपडे घासायच्या फळीसारख्या आडव्या रेघा. आवाज इतका विशिष्ट की एकदा ऐकला की कळतो.

वंगणवाला
आमच्या जनरेटरलाही तोच धोका, म्हणून एका बाजूचं बेअरिंग जमिनीपासून इन्सुलेट केलेलं असतं आणि शाफ्टला अर्थिंगचा ब्रश. ब्रश झिजला की बॅबिटवर बारीक बारीक टिंब उठतात, बर्फ टोचल्यासारखी.

लंबक
माझ्याकडे वडिलांचं एचएमटी जनता घड्याळ आहे, डायलवर १७ ज्वेल्स लिहिलंय. ती पण बेअरिंगच ना?

काटकोन
होय, कृत्रिम माणकाची. पोलादाचं टोक माणकाच्या भोकात फिरतं. भार नगण्य, म्हणून छर्ऱ्यांची गरजच नाही. तेलाचा एक थेंबही जास्त होतो.

संपादक_मंडळ
धागा टर्बाइनचा आहे. वॉशिंग मशीन, दात आणि घड्याळं झाली. पुढच्या प्रतिसादात पिठाची गिरणी येऊ नये ही विनंती.

आगाऊ_गण्या
गिरणी नाही आणत. पण दगडाखाली बेअरिंग असतं बरं का.

मोकळा_वेळ
सगळ्यांचे आभार. भाच्याला अख्खा धागा पाठवला. त्याने दोन शंका विचारल्यात. एक, शाफ्ट फिरल्यावरच तेलाचा थर तयार होतो, मग सुरू होताना आणि थांबताना काय? दोन, बेअरिंग दोन अर्ध्यांत का? छर्ऱ्यांचं तर अखंड असतं.

वंगणवाला
पोरगा हुशार आहे.

एक. सुरुवातीला जॅकिंग ऑइल पंप. बेअरिंगच्या तळाला बारीक भोकं असतात, तिथून उच्च दाबाचं तेल सोडून शाफ्ट अक्षरशः वर उचलतात आणि मग फिरवतात. सेट बंद झाल्यावर लगेच थांबवतही नाहीत. गरम रोटर एका जागी ठेवला तर वाकतो, म्हणून तो बॅरिंग गिअरवर हळूहळू फिरत ठेवायचा, आणि त्या संथ वेगाला पुन्हा जॅकिंग ऑइल लागतं. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पूर्ण ब्लॅकआउट. एसी पंप बंद, आणि रोटर अजून जोरात फिरतोय. त्यासाठी बॅटरीवर चालणारा डीसी ऑइल पंप असतो. तो आपोआप उचलला नाही तर बॅबिट वितळून पुसलं जायला वेळ लागत नाही. आमच्याकडे डीसी पंपाची टेस्ट चुकवणाऱ्याला कँटीनमध्ये कोणी शेजारी बसू देत नसे.

दोन. कारच्या क्रँकशाफ्टलाही दोन अर्धे शेल असतात ते याच कारणाने: अखंड रिंग मधल्या जर्नलवर (शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग) चढवणार कुठून? टोकाचं कपलिंग आडवं येतं. शिवाय खालचा अर्धा काढायला अख्खा रोटर उचलावा लागत नाही. जॅकने शाफ्ट मिलिमीटरच्या काही दशांशांनी वर घ्यायचा आणि तो अर्धा शाफ्टभोवती फिरवून वरून बाहेर काढायचा. त्याने फोटो काढला तो तसाच बाहेर काढलेला असणार. त्याला विचार, बॅबिटवर निळी छटा होती का. निळी असेल तर ते ब्लूइंग करून, म्हणजे निळा रंग लावून, शाफ्ट कुठे टेकतो ते बघत होते.

मोकळा_वेळ
विचारलं. म्हणतो निळा रंग होता, आणि एक काका स्क्रेपरने इतकं हळू खरवडत होते की पोरांना वाटलं ते टाइमपास करतायत.